बाजारच्या दिवशीची तारीख

आमच्या देगलूरच्या कोर्टात एक वकील असे होते, की ज्यांनी उभ्या आयुष्यात एकही दावा जिंकला नव्हता, आणि तरी त्यांच्याकडे पक्षकारांची वानवा नव्हती. हरलेही नव्हते म्हणा. जिंकायला काय आणि हरायला काय, आधी निकाल लागावा लागतो. आणि निकाल लागू न देणं हीच व्यंकटरावांची वकिली होती. नाव पुकारलं की ते उठायचे, कोट सारखा करायचे, दोन्ही हात टेबलावर टेकवून किंचित वाकायचे आणि म्हणायचे, "साहेब, तारीख मिळावी." एवढ्या तीन शब्दांवर या माणसाने चाळीस वर्षं काढली. त्यातली मधली दीड वर्षं आमदारकीची. तिथेही त्यांनी फारसं वेगळं काही केलं नाही.

बार रूममध्ये मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर वीस वर्षं बसले. बसले म्हणजे नाइलाजाने बसले. बाईमाणसाला खिडकीजवळची जागा द्यावी असं सगळ्यांनी ठरवलं, आणि खिडकीजवळ व्यंकटराव होते. मला ते 'वकीलबाई' म्हणत. चिडवायचं असलं की 'हायकोर्ट' म्हणत, कारण मला सगळ्याचा निकाल हवा असायचा. मी त्यांना तोंडावर 'साहेब' म्हणायची. मनात काय म्हणायची ते इथे लिहिण्यासारखं नाही.

अंगाने उंच, पाठीत जरा वाकलेले, आणि अंगावरचा कोट एके काळी काळा असावा. एका खिशात बडीशेपेची डबी, दुसऱ्या खिशात घडी केलेले कागद. हे कागद म्हणजे त्यांच्या आमदारकीचं शिल्लक राहिलेलं वैभव. निवडून आले तेव्हा कार्यकर्त्यांनी हौसेने 'विधानसभा सदस्य' असं छापलेले लेटरहेड गठ्ठ्यांनी आणून टाकले. आमदारकी दीड वर्षात संपली, कागद संपेनात. मग व्यंकटरावांनी ते उलटे करून वापरायला काढले. मुदतीचे अर्ज, दाव्यांचे कच्चे मसुदे, किराणा सामानाची यादी, सगळं त्या कागदांच्या कोऱ्या बाजूला. बायको लवकर वारली होती, मूलबाळ नव्हतं, त्यामुळे यादी लहान असायची.

त्यांचं तारखेचं एक शास्त्र होतं. मी त्याला बरीच वर्षं आळस समजत होते. तारीख ते नेहमी बाजारच्या दिवसाची मागायचे. आमच्याकडचे दावे बहुतेक एकाच गावचे, एकाच आडनावाचे, बांधाला बांध लागलेल्या लोकांचे. खेड्यातून सकाळी येणारी बस एक आणि दुपारी परत जाणारी बस एक. एरवी कोर्टाच्या तारखेला माणूस दात-ओठ खात येतो. बाजारच्या दिवशी तो पिशवी घेऊन येतो. बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते, मग ज्याच्यावर दावा लावला त्याच्याच मांडीवर आपलं गाठोडं ठेवावं लागतं. परतीच्या बसला एकाची बायको दुसऱ्याच्या बायकोला विचारते, वांगी कुठून घेतली. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून कोर्टात आलेले दोन चुलतभाऊ मला आठवतात. पहिल्या तारखेला दोघांना दोन कोपऱ्यांत बसवावं लागलं होतं. अकराव्या तारखेला एकच जड पिशवी दोन बाजूंनी धरून आले आणि व्यंकटरावांना म्हणाले, "औंदा मळणी संगंच करून राहिलो साहेब, दावा कशाला ठिवता आता."

एकदा एका न्यायाधीशांनी वैतागून विचारलं, आज कोणतं कारण. व्यंकटराव म्हणाले, साहेब, पक्षकार अजून तयार नाहीत. न्यायाधीश म्हणाले, कशाला तयार नाहीत, साक्षीला? "घरी जायला," व्यंकटराव म्हणाले. न्यायाधीशांनी तारीख दिली. रोजनाम्यात लिहिलं गेलं, 'पक्षकार तयार नाहीत', आणि ते खरंच होतं.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. व्यंकटराव त्याला आपली पुस्ती जोडायचे, की मी रोज चढलो म्हणून तर आमदार झालो. त्यात तथ्य होतं. आमच्या भागात पोटनिवडणूक लागली तेव्हा पक्षात दोन गट होते आणि एका गटाचा माणूस दुसऱ्याला चालत नव्हता. ज्याच्यावर कोणाचाच राग नाही असा तिसरा हवा होता. ज्याने कधी कोणाविरुद्ध निकाल मिळवला नाही, त्याच्यावर राग कोण धरणार? शिवाय दोन्ही गटांच्या पुढाऱ्यांचे दावे त्यांच्याच कपाटात पडून होते. व्यंकटराव उभे राहिले आणि निवडून आले. पेढे दोन्ही गटांनी वाटले, आणि दोघांनीही दुसऱ्याच्या नाकावर टिच्चून वाटले.

त्यांचं गाव वडगाव, देगलूरपासून बारा किलोमीटर. तिथे धाकटा भाऊ गोविंद शेती बघायचा. थोरल्याने शिकावं म्हणून धाकट्याने चौथीतून शाळा सोडली होती आणि त्याबद्दल कधी ब्र काढला नव्हता. घरं दोन, मधली भिंत एक. आई धाकट्याकडे राहायची. गावापासून डांबरी सडकेपर्यंत यायला एक पाणंद होती, ती दोघा भावांच्या वाटणीच्या मधून जायची. पावसाळ्यात त्या पाणंदीत गुडघाभर चिखल असायचा.

व्यंकटराव आमदार झाले त्या पहिल्याच पावसाळ्यात, मुंबईला अधिवेशन चालू असताना, आईच्या छातीत कळ आली. गाडी गावात येईना. गोविंद आणि तिघांनी तिला बाजेवर घातलं आणि चिखल तुडवत सडकेपर्यंत आणलं. सडकेला पोचेस्तोवर ती गेली. व्यंकटराव दुसऱ्या दिवशी आले.

तेराव्याला सगळी भावकी जमली असताना गोविंद बोलून गेला, "आमदाराची माय चिखलातून बाजंवर गेली." बोलला ते खरं होतं, म्हणूनच झोंबलं. अशा वेळी दुसरा कोणी असता तर रडला असता, नाहीतर भावाच्या थोबाडीत मारली असती, आणि संध्याकाळपर्यंत दोघे एका ताटात जेवले असते. पण व्यंकटराव पडले वकील. ते म्हणाले, पाणंद अरुंद कोणी केली? तू बांध सरकवलास म्हणून. आणि एवढ्यावर न थांबता देगलूरला येऊन त्यांनी सख्ख्या भावाला रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली. तीन गुंठे जागा पंधरा दिवसांत मोकळी करावी. ज्या घराची भिंत आपल्याच घराला लागून आहे, त्या घरात ती पोस्टमन घेऊन गेला. गोविंदरावांना इंग्रजी-मराठीचं ते कायदेशीर लिखाण वाचता येईना, म्हणून त्यांनी ते चावडीवर नेऊन चारचौघांत वाचून घेतलं. पुढे कधीतरी ते मला म्हणाले, की जागेचं काही वाटलं नाही ताई. पण जन्मभर 'गोइंदा, तू' म्हणणाऱ्या भावाने कागदात 'तुम्ही' लिहिलं, ते लागलं.

नोटीस वाचून झाली तशी चावडीवर तिथेच गोविंदरावांनी शपथ घेतली. कोर्टाचा निकाल लागेपर्यंत मी भावाची पायरी चढणार नाही, त्यानेही माझी चढू नये, आणि एकमेकांशी शब्द बोलायचा नाही. पंधरा दिवसांनी व्यंकटरावांनी दावा लावला, तेव्हा गोविंदराव देगलूरला आले आणि त्यांनी वकील लावला. तो वकील म्हणजे माझे वडील. दावा तीन गुंठ्यांचा: त्यात पाणंदीचा तुकडा आणि तिच्या टोकाला उभं एक चिंचेचं झाड. कोर्टाने 'जैसे थे' म्हणून हुकूम दिला. जैसे थे म्हणजे चिखलासकट.

त्याच हिवाळ्यात नागपूरच्या अधिवेशनात व्यंकटरावांनी आपल्या कारकिर्दीतला एकमेव प्रश्न विचारला: वडगावच्या पाणंद रस्त्याचं काम कधी सुरू होणार? मंत्र्यांनी उत्तर दिलं, की जागेचा वाद न्यायप्रविष्ट असल्याने काम करता येत नाही. मागून कोणीतरी विचारलं, दावा कोणी लावलाय. मंत्र्यांनी पान उलटलं आणि म्हणाले, सन्माननीय सदस्यांनीच. सभागृह बराच वेळ हसत होतं. ही गोष्ट व्यंकटराव स्वतःच सांगायचे, बडीशेप चघळत, जणू दुसऱ्याच कोणाची फजिती. गावात मात्र लोक म्हणायचे, "मागनारा बी त्योच आन् अडवनारा बी त्योच." मुदत संपल्यावर ते पुन्हा उभे राहिले नाहीत. का म्हणून विचारलं तर म्हणायचे, तिथे तारखा भरपूर मिळतात, पण समोरचा माणूस आपल्या बसने येत नाही.

वडील गेले आणि त्यांच्या कपाटातल्या मिसलींबरोबर, म्हणजे दाव्यांच्या फायलींबरोबर, हा दावा माझ्याकडे आला. तोपर्यंत तो दहा वर्षांचा झाला होता. मी नवी, अंगात रग होती. मिसल वाचून मला आनंदच झाला. वादी स्वतः दर वेळी तारीख मागतो, म्हणजे त्याची बाजू लंगडी. एका सुनावणीत गार करू असं मी ठरवलं. पहिल्या तारखेला व्यंकटराव उठले, वाकले, तारीख मागितली. मी हरकत घेतली. वरच्या कोर्टांचे निवाडे काढून दहा मिनिटं बोलले. बोलताना मागून कोणीतरी माझ्या कोटाची बाही ओढत होतं. वळून पाहिलं तर माझाच पक्षकार.

"ताई, द्या की तारीख," गोविंदराव म्हणाले. "लांबून आलेत ते."

ते लांबून आले नव्हते. व्यंकटराव कोर्टापासून दहा मिनिटांवर राहायचे. बारा किलोमीटर उभ्याने गोविंदराव स्वतः आले होते. तारीख मिळाली. बाजारच्या दिवसाची.

त्या दुपारी मी तणतणत बाहेर आले तर कोर्टाच्या आवारातल्या कडुलिंबाखाली वादी आणि प्रतिवादी समोरासमोर बसले होते. गोविंदरावांनी गावाहून आणलेला डबा सोडला होता. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी. व्यंकटराव जेवत होते. मला पाहून ते म्हणाले, "बरं झालं आलात वकीलबाई. त्यांना इचारा, गुडघा कसा हाय."

मी गोविंदरावांकडे पाहिलं. गोविंदराव माझ्याकडे पाहून म्हणाले, "त्यांना सांगा ताई, उतारावर दुखतंय."

शपथ म्हणजे शपथ. एकमेकांशी बोलायचं नव्हतं, तिसऱ्याशी बोलायला बंदी नव्हती. आधी हे काम माझे वडील करायचे, ते गेल्यावर मधल्या काळात कोर्टाच्या कचेरीतल्या शिरस्तेदारांना धरून आणत होते, आणि आता मी मिळाले. पुढची वीस वर्षं दर तारखेला मी त्या लिंबाखाली बसून सख्ख्या भावांमधली दुभाषी झाले. तुरीला फुलोरा आला का, म्हैस व्याली का, दात काढला तो कोणत्या डॉक्टरकडे. दाव्याबद्दल चकार शब्द नाही. मी एकदा तडजोडीचं काढलं तर दोघांनी इतक्या एकमुखाने विषय बदलला, की मला वाटलं, आता शपथ मोडते. मला राग यायचा. भाकरी चांगली असायची म्हणून बसायची.

मध्ये मोजणी झाली, मोजणीवर हरकती झाल्या, मिसल हरवली, सापडली, न्यायाधीश बदलले. मग तारखा मोबाइलवर यायला लागल्या. व्यंकटरावांना ते अजिबात पटलं नाही. "तारीख अशी खिशात येऊन पडती का," ते म्हणायचे. "ती घ्यायला जावं लागतं." गोविंदरावांनाही निरोप यायचा, पण ते तारीख विचारायला म्हणून मधल्या बाजारीही एक फेरी मारायचे. मोबाइल नीट चालत नाही असं कारण सांगायचे.

आणि मग नवे न्यायाधीश आले. तरुण, नीटनेटके, लातूरकडचे. त्यांनी आल्या आल्या सर्वांत जुन्या दाव्यांची यादी टेबलावर घेतली. पहिल्या नंबरवर आमचा. व्यंकटरावांनी आपल्याकडची सगळी कारणं एकामागून एक काढली: प्रकृती, कागदपत्रं, साक्षीदार. न्यायाधीशांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि पेन खाली ठेवलं.

"वकीलसाहेब, दावा तुमचा आहे," ते म्हणाले. "तीस वर्षं झाली. निकाल तुम्हालाच नको आहे का?"

व्यंकटरावांचे दोन्ही हात टेबलावर होते. ते पुन्हा एकदा, जरा हळू, म्हणाले की साहेब, तारीख मिळावी. मिळाली नाही.

मी तासभर युक्तिवाद केला. इतका चांगला मी त्याआधी कधी केला नव्हता आणि नंतरही नाही. व्यंकटराव पाच मिनिटं बोलले आणि तेसुद्धा खिडकीकडे बघत. आठवड्याने निकाल लागला. मोजणीत बांध सरकलेला स्पष्ट दिसत होता. तीन गुंठे, पाणंद आणि चिंच, सगळं वादीचं. चाळीस वर्षांत व्यंकटराव वकिलांनी पहिला दावा जिंकला. बार रूममध्ये टाळ्या वाजल्या, कोणीतरी पेढे आणले. एक पेढा व्यंकटरावांच्या हातात कोंबला, तो त्यांनी खाल्ला नाही, हातातच धरून बाहेर आले.

बाहेरच्या ओट्यावर गोविंदराव उभे होते. त्या दिवशी लिंबाखाली कोणी बसलं नव्हतं, डबा तसाच भरलेला होता. मी मध्ये उभी राहिले, सवयीने. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. निकाल लागला होता, शपथ सुटली होती.

"मंग आता मी कशाला येऊ देगलूरला, दादा?" त्यांनी विचारलं.

'दादा' मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. ज्या माणसाकडे प्रत्येक न्यायाधीशासाठी उत्तर असायचं तो हातातला पेढा रुमालात बांधू लागला. गोविंदराव डबा घेऊन बसस्टँडकडे गेले. त्यांनी डबा द्यायला हवा होता किंवा यांनी मागायला हवा होता, असं मला आजही वाटतं.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी वीस वर्षं जो आळस समजत होते तो सगळा खटाटोप होता. दुसऱ्यांची भांडणं मिटावीत म्हणून हा माणूस तारखा घ्यायचा, आणि स्वतःच्या भावाची भेट व्हावी म्हणूनही तारखाच घ्यायचा. मी हरले त्याचं वाईट वाटायचं राहून गेलं, आणि आपण इतकं छान का बोललो याचीच लाज वाटायला लागली.

अपिलाची मुदत तीस दिवस. मी गोविंदरावांना तीनदा फोन केला. ते म्हणायचे, हरलो ते हरलो, दादाचंच हाय ते. भावाशी भांडायची त्यांची हौस फिटली होती. निकाल मानायचा म्हणजे मानायचा, आणि बोलावल्याशिवाय जायचं नाही हाही गावाकडचा कायदाच. इकडे व्यंकटराव रोज सकाळी टेबलाशी आले की सहज विचारल्यासारखं विचारायचे, "गावाकडून आलं का काही?" मी एकदा त्यांना टोमणा मारला, साहेब, निर्धास्त राहा, तुमच्या निकालाला कोणी हात लावत नाही. त्यांनी बडीशेपेची डबी उघडली आणि न खाताच मिटली.

जिंकलेल्याला अपील करता येत नाही. तेवढी सोय कायद्याने ठेवलेली नाही.

बाजारच्या दिवशी ते अकराच्या सुमारास बसस्टँडवर जायचे. वडगावची बस रिकामी व्हायची, पुन्हा भरायची, मग ते परत यायचे, हातात मेथीची एक जुडी घेऊन. घरी आताशा चूल पेटत नव्हती, जेवण खानावळीतून यायचं. ती जुडी ते माझ्या टेबलावर ठेवायचे. चार बाजार झाले, चार जुड्या झाल्या. आमच्या घरी मेथीला सगळे कंटाळले.

एकोणतिसाव्या दिवशी गोविंदराव माझ्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी चार कागद टेबलावर ठेवले. व्यंकटराव त्या दिवशी कोर्टात आले नव्हते. कागदावर हाताने लिहिलेला अपिलाचा मसुदा होता. मी वाचत गेले. चिंचेच्या झाडाची मालकी जागेपासून वेगळी कशी धरायला हवी होती आणि खालच्या कोर्टाने तो मुद्दा कसा विचारातच घेतला नाही, हे त्यात असं मांडलं होतं, की निकाल देणाऱ्यालाही पटावं. मला तो मुद्दा सुचला नव्हता. मी कागद उलटा केला. मागे छापलेलं होतं, 'विधानसभा सदस्य'.

मी विचारलं, हे कोणी लिहिलं? गोविंदराव म्हणाले, एका वकिलानं. आणि मग त्यांनी सांगितलं ते असं.

आदल्या दुपारच्या बसने व्यंकटराव वडगावला उतरले. पाणंदीतून चालत आले. भावाच्या दारात आले आणि पायरीखाली उभे राहिले. गोविंदरावांची बायको पाणी घेऊन आली तरी वर चढेनात. तीस वर्षांपूर्वी जो कागद पोस्टाने पाठवला होता, तसलाच दुसरा या वेळी हातात घेऊन आले होते.

"गोइंदा, तू अजून हरला न्हाईस," ते म्हणाले. "अपील कर."

"तुमच्याच इरोधात?"

"मंग कुनाच्या? मला दुसरं हाय कोन?"

त्यावर गोविंदरावांनी त्यांना हाताला धरून वर घेतलं. जेवणं झाली. जेवण झाल्यावर दोघांनी मिळून पाणंदीची जागा रस्त्यासाठी ग्रामपंचायतीला लिहून दिली. थोरल्याने मालक म्हणून सही केली, धाकट्याने हरकत नाही म्हणून. अपील फक्त चिंचेपुरतं राहिलं. गावाला रस्ता सुटला आणि भावांना खटला उरला.

मी सही केली. विरुद्ध बाजूच्या माणसाने लिहिलेलं अपील आपल्या नावाने दाखल केलं, हे वर कळलं असतं तर माझी सनद गेली असती. दुसऱ्या दिवशी व्यंकटरावांना मी बाजूला घेऊन विचारलं, आता तुम्ही त्यांच्या घरी गेलात, जेवलात, बोललात. मग अपील कशाला? त्यांनी बडीशेप पुढे केली.

"वकीलबाई, नुसतंच गेलो की माय आठवती दोघांलाबी, आन् मंग बोलनं सुचत न्हाई," ते म्हणाले. "काम असलं की कामाचं बोलता येतं."

अपिलाचं कोर्ट बिलोलीला. आता दोघे एकाच बसने जायचे. माजी आमदाराला एसटीचा पास असतो आणि त्यावर एक सोबती चालतो. वादी पासावर आणि प्रतिवादी त्याचा सोबती, असे ते एकमेकांविरुद्ध लढायला निघायचे. दुभाष्याची गरज उरली नव्हती, उलट मलाच मध्ये बोलायला जागा मिळेना. चिंच गोड होती की आंबट, आईने लावली की आपोआप उगवली, लहानपणी तिच्यावरून कोण पडलं होतं. आवाज चढायचे. कोर्टातला शिपाई गप्प बसा म्हणून सांगायचा.

वडगावची पाणंद आधी मुरमाची झाली, मग डांबराची.

मी व्यंकटरावांना शेवटचं पाहिलं ते बिलोलीच्या बसस्टँडवर. तारीख मिळाली होती, दोघे खुशीत होते. बस लागली, गर्दी धावली, आणि सत्त्याहत्तर वर्षांच्या या माणसाने खिडकीतून हात घालून बाकावर रुमाल टाकला. ज्या बाकावर टाकला त्याच्यावर 'आमदारांसाठी राखीव' असं लिहिलेलं होतं. मी हसून म्हणाले, साहेब, ती जागा तुमचीच आहे, रुमाल कशाला.

"आमदाराला राखीव हाय," ते म्हणाले. "गोइंदाला रुमालच लागतो."

गोविंदरावांना खिडकी दिली, स्वतः कडेला बसले. बस निघाली तेव्हा दोघांपैकी कोणी वळून पाहिलं नाही. बहुतेक चिंचेचं चाललं होतं.

पुढची तारीख यायच्या आत ते गेले. झोपेतच गेले, कोणाला तोशीस दिली नाही. गोविंदरावांनी त्यांना गावी नेलं. गाडी नव्या रस्त्याने थेट घराच्या दारापर्यंत गेली.

तारखेला मी बिलोलीला गेले. उत्तरवादी, म्हणजे व्यंकटराव, मयत असल्याचं सांगितलं. न्यायाधीशांनी विचारलं, वारस कोण? मूलबाळ नाही, पत्नी नाही, आई-वडील नाहीत. मग कायद्याने भाऊ. त्यांनी कागद खाली-वर पाहिले. ज्याने अपील केलं तोच, ज्याच्याविरुद्ध अपील आहे त्याचा एकटा वारस. झाड याचंच, जागाही याचीच. देगलूरच्या कोर्टातल्या प्रत्येकाला हे तीस वर्षं माहीत होतं, की शेवटी सगळं एकाच घरात जाणार. फक्त कोणी बोललं नव्हतं.

"मग आता भांडण कोणाशी?" न्यायाधीशांनी विचारलं. "निकाली काढू?"

मी हो म्हणणारच होते. जन्मभर मी निकालच मागत आले होते. तेवढ्यात माझ्या कोटाची बाही ओढली गेली. मागे गोविंदराव उभे होते, एका हातात डबा.

"ताई," ते म्हणाले, "एक तारीख मागा की."

मी दोन्ही हात टेबलावर टेकवले आणि किंचित वाकले.

"साहेब, तारीख मिळावी," मी म्हणाले. "पक्षकार अजून तयार नाहीत."

न्यायाधीशांनी माझ्या मागे पाहिलं. कशाला तयार नाहीत, ते त्यांनी विचारलं नाही. डायरी ओढली आणि तारीख लिहून दिली. बाहेर ओट्यावर आल्यावर गोविंदरावांनी हळूच विचारलं, बाजारचा दिवस हाय का.

"हाव," मी म्हणाले.